सात मेपल आणि एक कपाट

कपाटाला दोघांनी एकाच वेळी हात घातला.

फेब्रुवारीतला शनिवार होता. गावाबाहेरचं भंगाराचं आवार बर्फाने अर्धंअधिक बुजलं होतं. जुन्या गाद्या आणि एक मोडकी शेगडी यांच्यामध्ये ते आडवं पडलं होतं... फायली ठेवायचं लोखंडी कपाट, राखाडी रंगाचं, चार खणांचं. नोएमीने एका टोकाची मूठ धरून मान वर केली, तर दुसऱ्या टोकाची मूठ एका भल्यामोठ्या पिवळ्या हातमोज्यात होती.

हातमोज्याच्या वर दाढी होती. दाढीत बर्फाचे कण. आणि त्याच्याही वर दोन डोळे... लाल, सुजलेले, आठवडाभर धड न झोपलेल्या माणसाचे.

असे डोळे तिच्या ओळखीचे होते. रोज सकाळी आरशात दिसायचे.

"सोडा," ती म्हणाली.

"तुम्ही सोडा."

"मी आधी धरलंय."

"मी आधी पाहिलंय. गाडीतून उतरतानाच."

"मी कालच पाहिलंय. गाडीत मावत नव्हतं, म्हणून राहिलं."

"मग आज मावणार आहे? गाडी रात्रीत वाढली का?"

 नोएमीची गाडी तेवढीच होती, आणि सकाळपासून इस्पितळाच्या धुलाईघरात ओल्या चादरी ओढून ओढून तिचे खांदे गळून पडले होते. तिने मूठ मात्र सोडली नाही.

"फायली फार साठल्यात का तुमच्याकडे?" त्याने विचारलं.

"एकही नाही. तुमच्याकडे?"

"माझ्याकडे तर कागदच नाही." तो थांबला. जरा लाजल्यासारखा इकडेतिकडे बघत म्हणाला, "मला त्याची चूल करायचीय. मेपलच्या पाकासाठी. हसू नका..."

ती हसली नाही. तिने उलट मूठ आणखी घट्ट धरली. "मलाही!"

आता तो नीट बघायला लागला. तीही बघायला लागली... आणि बघता बघता तिची नजर त्याच्या मागे उभ्या असलेल्या वाहनावर गेली. पिवळा ट्रक. पुढे नांगरासारखं प्रचंड पातं.

"थांबा! रस्त्यावरचा बर्फ काढणारे तुम्हीच ना?"

"हो..." त्याच्या आवाजात पुढचं ओळखल्याची धास्ती होती.

"नदीच्या वळणावरचं घर. हिरव्या पत्र्याचं. रस्ता साफ करता करता रोज पहाटे माझ्या फाटकासमोर बर्फाचा बांध घालून जाणारे तुम्ही! पाचला कामावर पोचायचं असतं मला. त्याआधी अर्धा तास फावडं मारते मी. रोज! तुमच्या नावाने काय काय बोलते, ते ऐकलंत तर—"

"नाव माहीत नसताना?"

"नाव लागत नाही त्याला!"

त्याने मुकाट्याने आपल्या टोकाची मूठ सोडली. मग दोन्ही हातमोजे काढले आणि उघडा हात पुढे केला. "बेन्वा. आता नाव घेऊन बोला. झाडं किती आहेत तुमच्याकडे?"

"सात. तुमच्याकडे?"

"एकही नाही. गॅरेजच्या माडीवर भाड्याने राहतो."

"मग पाक कशाचा करणार होतात? विजेच्या खांबांचा?"

बेन्वा हसला. दमलेल्या माणसाचं हसू असतं तसं, उशिरा आलेलं आणि लवकर न जाणारं. "म्हटलं, आधी चूल करू, मग झाड शोधू. माणसाने कुठून तरी सुरुवात करावी. माझ्याकडे ट्रक आहे. पत्रा कापायची हत्यारं आहेत. तुमच्याकडे झाडं आहेत. आणि कपाट..."

"कपाट माझं आहे."

"कपाट तुमचं आहे," तो म्हणाला, आणि ते एकट्याने उचलून ट्रकवर टाकलं.

खरं सांगायचं तर नोएमीला पाकबिक काही नको होता. तिला झोप हवी होती. गेली दोन वर्षं ती कुठेही झोपू शकत होती: गाडीत, चादरींच्या ढिगावर, एकदा तर दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत. आणि अंथरुणावर पडलं की मात्र डोळे टक्क उघडे.

पाक हवा होता तो आईला. घरामागच्या सात मेपलांना दर मार्चमध्ये भोकं पाडून बाबा रस काढायचे आणि काकाच्या मोठ्या काहिलीत आटवायचे. बाबा गेले, काकाने काहील विकून टाकली. आईचे गुडघे गेले, हृदय अशक्त झालं, जीभ तेवढी शाबूत राहिली. मे महिन्यात गावातल्या वृद्धाश्रमात तिला खोली मिळणार होती. तिनेच हो म्हटलं होतं. "तू कामावर असताना पडले, तर दिवसभर काय फरशीशी गप्पा मारू?" एवढं बोलून तिने एकच गोष्ट मागितली. "जायच्या आधी एकदा माझ्या झाडांचा पाक खाईन म्हणते. दुकानातला नको, पोरी. माझ्या झाडांचा."

नोएमीला नाही म्हणता आलं नाही. आईला घराबाहेर काढणारी मुलगी आणखी कशाला नाही म्हणणार?

कपाटाची युक्ती धुलाईघरातल्या एका बाईने सांगितली होती. कपाट पाठीवर निजवायचं. खण काढून टाकायचे, म्हणजे वरच्या अंगाला चार चौकोनी तोंडं उघडी राहतात. एका टोकाला लाकडं घालायला दार कापायचं, दुसऱ्या टोकाला धुराडं. आत विटा, तळाला वाळू. आणि त्या चार तोंडांत स्टीलची खोल तबकं बसवायची, की झाली चूल. तबकं तिने इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून आणली होती, कडा चेपल्या म्हणून टाकून दिलेली. राहिलं होतं ते कपाटच.

रविवारी बेन्वा आला. अंगणातला बर्फ त्याने आधी फावड्याने बाजूला केला, मग कपाट उतरवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत आई जिझेल चष्मा सावरत बसली होती. खिडकी बोटभर उघडी होती. थंडी आत आली तरी चालेल, बोलणं बाहेर राहता कामा नये.

"हा कोण?" तिने आतूनच विचारलं.

"बर्फाचा ट्रक चालवतात, आई."

"तो बांध घालणारा मेला?"

"नमस्कार, मादाम," बेन्वा टोपी काढून म्हणाला. "मेला तोच मी."

जिझेल खुदकन हसली आणि हसू लपवायला खोकली.

त्या दिवशी दार कापून झालं. ठिणग्या बर्फावर पडून चुरचुर विझत होत्या. नोएमी कपाट धरून बसली होती, आणि दर थोड्या वेळाने तो यंत्र थांबवून विचारायचा, "हात दुखले का?" ती म्हणायची, "नाही." तो म्हणायचा, "माझे दुखले," आणि दोघं पाच मिनिटं टेकायची. तिसऱ्यांदा तिच्या लक्षात आलं, की या माणसाचे हात काही एवढ्यात दुखणारे नव्हेत.

सोमवारी पहाटे ती नेहमीप्रमाणे फावडं घेऊन फाटकाशी गेली. रात्री बर्फ पडला होता. रस्ता साफ होता... आणि फाटकासमोर बांध नव्हता. इकडून तिकडे, काही नव्हतं. पात्याची खूण फाटकाच्या अलीकडे उचलली गेली होती आणि पलीकडे पुन्हा टेकली होती.

हातात फावडं घेऊन ती तशीच उभी राहिली. मग गाडीत जाऊन बसली. अर्धा तास शिल्लक होता. किती वर्षांत तिच्या वाट्याला असा काहीच न करायचा अर्धा तास आला नव्हता. तिने हात मांडीवर ठेवले आणि काचेवर विरघळणारे कण बघत राहिली. डोळ्यांत पाणी का येतंय, हे काही तिला कळेना.

पुढच्या रविवारी विटा लावताना तिने विषय काढला.

"सोमवारी बांध नव्हता."

"हो का? वारा असेल."

"वारा बर्फ आणून टाकतो. उचलून नेत नाही."

"मग पातं वरच अडकलं असेल."

"मंगळवारी पण?"

"...मंगळवारी पण."

"रोज?"

"रोज अडकतंय. दुरुस्त करायला हवं," तो विटेकडे बघत म्हणाला.

"नका करू," नोएमी म्हणाली.

त्याने वर पाहिलं. ती वाळूची पिशवी ओढत होती. गाल लाल झाले होते, ते थंडीनेही असतील. "नाही करत," तो हळूच म्हणाला. 

"अहो, ही पिशवी जरा इकडे—"

"एवढं वजन उचलताना 'अहो' म्हणायला दम कुठून आणतेस? तू म्हण."

तिने दोन वेळा तोंड उघडलं, मिटलं. "...धर ना मग. तू."

खिडकीतून आवाज आला. "पोरी, लग्न झालंय का त्याचं?"

"आई!"

"विचारलं आपलं. पोटभर जेवतो, ओझी उचलतो. माहिती असलेली बरी."

"नाही झालं, मादाम," बेन्वा ओरडून म्हणाला. "हिवाळाभर पहाटे दोनला उठतो मी. माझ्याशी कोण लग्न करणार?"

"ती चारला उठते," जिझेल म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

विटा लावता लावता नोएमीने त्याला पास्कालबद्दल सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. चार वर्षं एकत्र होते. जाताना पास्काल म्हणाला होता, तुझ्याशी बोलायला येणं म्हणजे बंद व्हायच्या वेळी दुकानात शिरणं. दिवे चालू असतात, पण दुकानदार तुम्ही कधी एकदा जाताय म्हणून बघत असतो.

"खोटं नव्हतं ते," ती म्हणाली. "दमलेलीच असते मी. सतत. आजही आहे."

बेन्वाने वीट ठोकून बसवली.  मग म्हणाला, "मग दुकानदाराला खुर्ची द्यायची. गिऱ्हाइकाने उभं राहायचं थोडं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो पुढची वीट शोधत होता.

मार्चच्या पहिल्या रविवारी चूल पहिल्यांदा पेटवली, नुसती, रंग जाळण्यासाठी. काळा, कडवट धूर निघाला आणि राखाडी कपाट बघता बघता काळंनिळं पडलं. जिझेलने तोवर मांडीवर फांद्यांची रास घेतली होती. आतला गाभा भुसभुशीत असणारं एक झुडूप नदीकाठी वाढतं. त्याची फांदी तारेने कोरली की नळी तयार. हात म्हातारे होते, चाकू मात्र सरळ चालत होता. दर नळी ती ओठाला लावून फुंकून बघायची. केकच्या दुकानातून मागून आणलेल्या झाकणाच्या बादल्या नोएमीने धुऊन ओळीने पालथ्या घातल्या. मग वाट बघणं सुरू झालं. रात्री गोठायला हवं, दिवसा वितळायला हवं. त्याशिवाय झाड काही देत नाही.

दहाएक दिवसांनी ते ऊन आलं. नोएमी कामावरून परतली, तर बेन्वा तिच्या आधी हजर. दोघांनी मिळून झाडांना भोकं पाडली, नळ्या ठोकल्या, बादल्या टांगल्या. शेवटच्या झाडाशी दोघं वाकून उभी राहिली. नळीच्या टोकाशी एक थेंब आला, फुगला, उन्हात चमकला... थांबला.

"पड ना," नोएमी पुटपुटली.

थेंब पडला. टप्. बादलीच्या तळाशी एवढासा आवाज. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

"लागलं?"

"नाही. तुला?"

"नाही."

दोघांनाही चांगलंच लागलं होतं. कुणीच मागे झालं नाही. त्याच्या दाढीला धुराचा आणि लोखंडाचा वास येत होता. खिडकीवर काठी वाजली. "रस निघाला का नुसतेच उभे आहात?"

पण मार्च हा मार्चच असतो. शुक्रवारपर्यंत बादल्या भरल्या, आणि त्याच शुक्रवारी पुन्हा बर्फ आला, सलग दोन दिवस. बेन्वा त्या दोन दिवसांत ट्रकमधून उतरलाच नाही. नोएमीच्या धुलाईघरात दोन बायका आजारी पडल्या, त्यांचंही काम हिच्यावर. रविवारी सकाळी तो सरळ कामावरूनच आला. पाय ओढत.

"घरी जा. झोप," ती म्हणाली.

"आणि पाक? इतकी वाट बघून?"

चूल पेटली. चारी तबकांतून वाफ उठली, पांढरी, दाट, किंचित गोड. चाळीस बादल्या आटतात तेव्हा एक बादली पाक होतो. त्यांच्याकडे दहासुद्धा नव्हत्या. सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत आटवणं चाललं, एकातलं दुसऱ्यात ओतत, फेस वर आला की लोण्याचा कण टाकत. शेवटी सगळ्या झाडांचा मिळून एका तबकात रस राहिला, चहाच्या रंगाचा. धुराड्याच्या आडोशाला दोन खोक्यांवर फळी टाकली होती, तिथे ती दोघं बसली. पाठीला घराच्या भिंतीची ऊब. तोंडावर ऊन.

"तू डोळे मीट जरा," नोएमी म्हणाली. "मी बघते. आता माझी पाळी."

"नक्की?"

"नक्की."

त्याने डोळे मिटले. ती तबकाकडे बघत राहिली. बुडबुडे लहान होत होते. वाफ गालाला लागत होती. बर्फावरून वितळल्या पाण्याचा आवाज येत होता... ठिब... ठिब...

आधी काठीचा आवाज आला. खिडकीच्या काचेवर, जोरजोरात. मग आईचा. मग तो वास.

नोएमी दचकून उठली. तिचं डोकं बेन्वाच्या खांद्यावर होतं. तबकातून काळा धूर निघत होता. दोघांनी धावत जाऊन तबक ओढून बर्फात फेकलं. ते फुसफुसत खाली रुतलं. आत कोळशासारखा थर उरला होता. आणि दारात जिझेल उभी होती, पायांत घरातल्या सपाता, एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्या हातात काठी.

"करपला," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, आणि खोकत आत गेली.

"नोएमी—" बेन्वा म्हणाला.

"माझी पाळी होती." ती तबकाकडे बघत होती. "एक गोष्ट मागितली तिने. एकच. आणि मी झोपले."

"अगं, आपण पुन्हा—"

"तू जा. आणि येऊ नकोस आता." शब्द बाहेर पडल्यावर तिला कळलं, की ती किती दिवस ते बोलायला घाबरत होती. "तू आलास की मी ढिली पडते, बेन्वा. मला परवडत नाही ते. एकदा बसले तर मी उठणार नाही, कळतंय का तुला?"

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिच्याकडे पाहिलं. मग हातमोजे आणि ते करपलेलं तबक उचलून गेला.

त्यानंतर हवा उबदार झाली. रात्रीही गोठेना. बादल्या कोरड्या लोंबकळत राहिल्या. बर्फ पडत नव्हता, त्यामुळे पहाटे फाटकासमोर बांध असायचं कारणच नव्हतं. तरी ती रोज जाऊन बघायची. पिवळा ट्रक कुठे दिसायचा नाही. आई दोन दिवस खोकली, मग सावरली, आणि पाकाबद्दल चकार शब्द बोलली नाही. मेपलच्या फांद्यांची टोकं तांबूस दिसायला लागली होती. एकदा कळ्या उमलल्या की रसाला उग्र वास येतो. संपतं सगळं.

आणि मग, मार्च सरता सरता, एका रात्री पुन्हा कडाक्याचं गोठलं.

शनिवारी नोएमी कामावरून घरी आली, तर अंगणातून धूर येत होता. कपाट पेटलेलं होतं. बादल्या उतरवलेल्या होत्या. करपलेलं तबक घासून लख्ख केलेलं होतं, आणि बेन्वा पाठमोरा, लाकडं फोडत होता.

ती सरळ स्वयंपाकघरात गेली. "तू बोलावलंस त्याला?"

"फोन केला," जिझेल म्हणाली. "घर माझं आहे मे महिन्यापर्यंत. मला हवं त्याला बोलावीन."

"आई, मी त्याला सांगितलं होतं—"

"माहितीये काय सांगितलंस ते. खिडकी उघडी होती." जिझेलने लेकीचा हात धरला. कातडी कागदासारखी, पकड मात्र घट्ट. "पोरी, मी जाणार तिथे तीन वेळचं जेवण आहे, बायका आहेत, पत्ते आहेत. माझी काळजी नाही मला. तू या घरात एकटी उभीच्या उभी राहशील, त्याची आहे. कधीतरी बस की गं!"

नोएमी बाहेर आली. बेन्वाने कुऱ्हाड खाली ठेवली.  रस उकळत होता. या खेपेला आधीपेक्षाही कमी, दोनच तबकांपुरता. ती फेस काढायला लागली. तो लाकडं सारत होता. ऊन कलायला लागलं.

"मी तुला विनाकारण बोलले," शेवटी ती म्हणाली. "चूक माझी होती. झोपले मी."

तो उठून उभा राहिला. टोपी काढली, पुन्हा घातली. "नोएमी... एक सांगायचंय. रागावशील."

"काय?"

"मी जागा होतो."

तिला कळेना. "कधी?"

"त्या दिवशी. तू झोपलीस आणि तुझं डोकं खांद्यावर आलं, तेव्हाच मला जाग आली. रस किती खाली गेलाय ते दिसत होतं मला. म्हटलं, अजून पाच मिनिटं आहेत. मग म्हटलं, अजून पाच. तू... हळूच घोरत होतीस. तोंड उघडं होतं. तुझ्या कपाळावर ती आठी असते ना, नेहमी असते... ती नव्हती. म्हटलं, हिला उठवायचं कसं?" तो खाली बघत होता. "मग माझाही डोळा लागला. पण त्याआधी मी बघत होतो. उठवू शकत होतो. नाही उठवलं."

नोएमीच्या हातातली पळी तशीच राहिली. "आणि आठवडाभर... मला वाटू दिलंस... की माझ्यामुळे..."

"सांगायला गेलो, तर तू म्हणालीस, येऊ नकोस. आणि खरं सांगू? भ्यालो."

"आईचा पाक जाळलास तू!"

"हो."

"जाणूनबुजून!"

"जळावा असं नव्हतं वाटत गं. तू झोपावीस असं वाटत होतं. दोन्ही एकदम जमलं नाही." त्याचा आवाज पार खाली गेला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. त्यात माझी अक्कल जाते, एवढंच. तबक तीन दिवस घासत होतो."

तिला त्याला ती पळी फेकून मारावीशी वाटली. तिने हात उचललासुद्धा. आणि मग पोटातून काहीतरी वर आलं... रडू वाटलं, निघालं हसू. मग रडूही. ती मटकन फळीवर बसली. तो पुढे आला, थांबला, कुठे उभं राहावं ते त्याला समजेना.

"मी घोरते?" तिने डोळे पुसत विचारलं.

"हळू. बोक्यासारखी."

"बस इथे."

तो बसला. मध्ये वीतभर अंतर ठेवून. तिने ते अंतर बघितलं, सुस्कारा सोडला, आणि आपणहून सरकून डोकं त्याच्या खांद्यावर ठेवलं.

"मला झोप आलीय, बेन्वा," ती म्हणाली. "खूप. किती वर्षांची, ठाऊक नाही. मी झोपते आता. आणि पाक जळला, तर या चुलीत तुला घालीन."

"आणि तू छान झोपली असलीस तर?"

"तरी उठव. प्रेम आहे म्हणतोस ना? मग उठवता यायला हवं."

ती झोपली. अंथरुणावर पडल्यापडल्या टक्क उघडे राहणारे तिचे डोळे, दिवसाढवळ्या, धुरात, लाकडं तडतडत असताना मिटले. बेन्वा जागा राहिला. डुलकी येऊ नये म्हणून त्याने मूठभर बर्फ उचलून मानेत घातला. दुसरा हात लांब करून तो अधूनमधून पळी बुडवून बघायचा, खांदा मात्र हलू द्यायचा नाही. बुडबुडे लहान झाले. रंग चढत गेला. पळीवरून थेंब पडायचे थांबले, आणि दोन थेंब एकत्र येऊन पाक पडद्यासारखा ओघळला.

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. एक क्षण. मग दाताखाली ओठ धरून म्हणाला, "नोएमी. ऊठ."

"पाच मिनिटं..."

"नाही. पाच नाही. आत्ता."

तिने डोळे उघडले. समोर त्याचा चेहरा, थकलेला, घामेजलेला, आणि भलताच अभिमानी. "झाला," तो म्हणाला. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि ओठांवर ओठ टेकले, थोडक्यात, कारण पाक वाट बघणारा नव्हता. मग दोघांनी फडक्यात धरून तबक उतरवलं.

जुन्या लोकरी कापडातून गाळून जेमतेम दोन बाटल्या भरल्या. स्वयंपाकघरात जिझेल वाटी पुढे करून बसलीच होती. तिने चमचाभर पाक तोंडात घेतला. डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. 

"थोडा पातळ आहे," जिझेल म्हणाली.

"आई..."

"म्हटलं ना थोडा." तिने दुसरा चमचा भरला, तो तोंडात घोळवला, मग तिसरा. गालावरून ओघळलेलं पाणी तिने मनगटाने पुसलं आणि चमचा बेन्वाकडे रोखला. "आणि बर्फवाले, बर्फ संपल्यावर काय करता तुम्ही?"

"रस्त्याचे खड्डे बुजवतो, मादाम. उरलेला वेळ झोपतो."

"कुठे?"

बेन्वाने गडबडून नोएमीकडे पाहिलं. ती टेबलाशी पाय पसरून बसली होती आणि पळी चाटत होती. मान वर न करताच तिने उत्तर दिलं—

"इथे."